मंठ्याचं इंग्रजी आणि जाफराबादचा नारळ

लोक इंग्रजी बोलायला शिकण्यासाठी लंडनला जातात, निदान पुण्याला तरी जातात. मी मंठ्याला गेलो. तेही जाफराबादवरून. जालना जिल्ह्याचा नकाशा ज्यांना ठाऊक आहे ते इथेच हसतील, कारण जाफराबाद एका टोकाला आणि मंठा दुसऱ्या टोकाला. पण आठ दिवसांत मी जे पाहिलं ते समुद्र ओलांडून गेलेल्या आमच्या गल्लीतल्या दोघा इंजिनिअरांनीही पाहिलेलं नाही. सहा एसट्या, चार जीपा, एक ट्रॅक्टर, आणि अर्ध्या वाटेपासून मांडीवर एक नारळाचं रोप. रोपाचं पुढे येईलच. आधी निघालो कशासाठी ते सांगतो.

नव्वद सालानंतरची पाचसहा वर्षं उलटली होती. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत फिल्डमन होतो. म्हणजे शेतकऱ्यांच्या रानात कंपनीचे जे कापसाचे प्लॉट असत त्यांच्यावर देखरेख करायची. संकरित कापसाचं बी आपोआप होत नाही. दुपारनंतर बायका उद्या उमलणारी कळी नखानं सोलतात, आतले पुंकेसर काढून टाकतात आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी चढवतात. दुसऱ्या सकाळी टोपी काढायची आणि नराच्या ओळीतलं फूल तिच्यावर हळूच फिरवायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एकेक फूल, हातानं, दोन महिने, रोज. फूल कोणासाठी थांबत नाही.

जाफराबादजवळच्या एका खेड्यात माझे सगळ्यांत चांगले प्लॉट होते आणि तिथल्या चाळीस बायकांची मुकादम गयाबाई होती. गयाबाईनं कळी सोलली की त्या फुलाला दुसऱ्या दिवशी आरशात पाहिल्यावरच आपलं काय गेलं ते कळत असे.

त्या वर्षी उन्हाळ्यात हैदराबादहून नवे साहेब आले. त्यांनी सांगितलं की क्रॉसिंगच्या दिवसांत बी विकत घेणारे परदेशी पाहुणे प्लॉट बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर प्लॉट इथंच राहतील, नाही तर पुढच्या वर्षापासून सगळं आंध्रात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘दिगंबर, पाहुण्यांना तुम्हीच समजावून सांगायचं. इंग्लिश येतं ना?’

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि म्हणालो, ‘यस सर.’

ही बातमी मी गयाबाईला सांगितली तेव्हा ती निंदत होती. खुरपं न थांबवता म्हणाली, ‘येतं का तुम्हाला, दिगूभाऊ?’

‘वाचता येतं.’

‘मंग पाहुण्याला काय पेपर वाचून दाखवणार? चाळीस बायांच्या हाताचं काम हाय हे. आमची भाषा न्हाई त्याला येत, त्याची आमाला न्हाई. मधी तुमी. अन तुमाला वाचता येतं.’

खरंच वाचता यायचं. औषधाच्या डब्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरातलं इंग्रजी मी चष्म्याशिवाय वाचत असे. बोलायचं म्हटलं की मात्र जिभेला कुलूप. याचं कारण आमची शाळा. आमच्या वेळी इंग्रजी बोलणं म्हणजे काय, तर गुरुजींनी प्रश्न विचारायचा, पोरानं उभं राहायचं, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं आणि खाली बसायचं. प्रश्न कायम गुरुजींचा. त्यामुळे माझ्या पिढीकडे इंग्रजी उत्तरं पोतंभर आहेत, प्रश्न एक नाही. आणि इंग्रजी कानावर पडलं की गुडघे आपोआप सरळ होतात.

श्रावणात, कापूस गुडघ्याला लागला होता आणि क्रॉसिंगला अजून अवकाश होता, तेव्हा मी आठ दिवसांची रजा टाकली, तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारं एक पुस्तक पिशवीत घातलं आणि निघालो.

जाफराबाद

टेंभुर्णीपर्यंत एसटी मिळाली, पुढे जीप. जीप नऊ माणसांची होती आणि आत आम्ही बावीस होतो. ड्रायव्हरचं निम्मं अंग बाहेर होतं. तो उजव्या पायानं रस्ता चाचपत गाडी हाकत होता असं मला वाटलं, पण शपथेवर सांगणार नाही.

पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की अनोळखी माणसाशी बोलणं हवेपासून सुरू करावं. ‘आज किती छान ऊन पडलं आहे’ असं म्हणावं. समोरचा माणूसही ‘हो ना’ म्हणतो आणि ओळख होते. मी ठरवलं, आधी मराठीत सराव करू. शेजारी पटकेवाले एक आजोबा होते. त्यांना म्हणालो, ‘आज ऊन छान पडलंय.’

पंधरा दिवस पाऊस गायब होता. मी त्यांच्या घरादाराला काही बोललो असावं, अशा नजरेनं आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘कोन्या गावचे तुमी?’

‘जालन्याचा.’

‘तरीच,’ ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. जाफराबाद येईपर्यंत त्यांनी ते परत माझ्याकडे फिरवलं नाही.

मी उरलेला रस्ता विचार करत होतो. पुस्तकात असंही होतं की अनोळखी माणसाला वय विचारू नये, पगार विचारू नये, लग्न झालं का, पोरं किती, हे तर मुळीच विचारू नये. म्हणजे आपल्याकडे जे विचारल्याशिवाय माणूस सुरूच होत नाही, ते विचारायचं नाही, आणि जे बोललं की माणूस दुखावतो, तिथून सुरुवात करायची. ज्या मुलखात ऊन कौतुकानं पाहतात तिथली माणसं वेगळीच असणार. त्यांच्याकडे पाऊस रोज येऊन दारात बसत असेल.

जाफराबादला मी थांबलो ते तिथल्या बँकेच्या मॅनेजरसाठी. ते केरळचे होते. तीन वर्षं झाली होती त्यांना येऊन, मराठीतले चारच शब्द येत होते आणि हिंदी त्याहून एक कमी. सगळा तालुका त्यांच्याशी खुणांनी बोलत असे. मी मनाशी म्हटलं, इंग्रजी बोलायला माणूस शोधत असलेला हा एकच गृहस्थ जिल्ह्यात असेल.

रविवार होता. त्यांनी मला अंगणात खुर्ची दिली, बिनदुधाची काळी कॉफी दिली आणि बोलायला लागले. साधारण तीन तास. तीन वर्षांचं तुंबलेलं धरण फुटलं होतं. मी पुरात वाहत होतो आणि हाताला लागेल त्या शब्दाला धरत होतो. ‘मदर’ एकदा हाताला लागला, ‘फिश’ दोनतीनदा, ‘ट्रान्सफर’ बऱ्याचदा. बाकी वेळ मी ‘यस सर’ म्हणत होतो. नव्वद वेळा तरी म्हटलं असेल. पहिल्या वीस वेळा उभा राहून. मग त्यांनीच खांदा दाबून खाली बसवलं.

शेवटी ते उठले, कोपऱ्यातून तुपाचा मोठा डबा उचलून आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. डब्यात हातभर उंचीचं नारळाचं रोप होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी काहीतरी विचारलं. मी म्हणालो, ‘यस सर.’ त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

बाहेर बँकेचा शिपाई भेटला. तो त्या रोपाला नमस्कार करायचाच बाकी होता. ‘लई बरं केलं तुमी,’ म्हणाला. ‘सायबाची बदली झाली तिकडं थंडीच्या मुलखात. आईनं गावाकडून पाठवलेला नारळ होता तो, सायबानं खाल्ला न्हाई, रुजवला. महिन्यापासून माणूस शोधून राह्यले. कोनी हो म्हणंना. तुमी सगळ्याला हो म्हणले म्हणे.’

‘सगळ्याला म्हणजे?’

‘रोज दोन घागरी पाणी. मधून मधून मूठभर मीठ. अन दर महिन्याला पत्र. झाड कसं हाय, नवीन पान आलं का, ते इंग्रजीत लिहून कळवायचं.’

मी डबा घेऊन रस्त्यावर उभा होतो. हसू यायला हवं होतं, आलं नाही. तीन वर्षांनी त्या माणसाला ऐकणारा मिळाला होता, आणि तो ऐकत नव्हता.

मधला रस्ता

जालन्याला येऊन मंठ्याची गाडी धरली. तिच्या खिडकीला काच नव्हती, सीटला गादी नव्हती आणि ड्रायव्हरला घाई नव्हती. कंडक्टर माझ्यापाशी येऊन डब्याकडे पाहत थांबला.

‘हे कोनाचं?’

‘बँक मॅनेजरचं.’

‘ते कुठंयत?’

‘निघालेत, थंडीच्या मुलखात.’

त्यानं तिकिटाच्या पंचनं कानामागे खाजवलं. ‘लगेज लावावं का हाफ तिकीट लावावं? जित्ता हाय म्हणून इचारलं.’

मागून एक बाई म्हणाल्या, ‘तीन वर्षाच्या आतलं असंल तर फुकट असतं, भाऊ.’

सगळी गाडी त्या रोपाचं वय काढायला लागली. वाटूर फाट्यापर्यंत वाद चालला. कोणाचं म्हणणं नारळ जालना जिल्ह्यात जगतच नाही, कोणी म्हणे त्याच्या मेव्हण्याच्या मळ्यात एक आहे, पण त्याला फक्त झावळ्या येतात. एकानं विचारलं, कोणाचा, कोणत्या गावचा, कुठं नेऊन राह्यले. इतक्या प्रश्नांत मला कोणी हवा विचारली नाही, आणि उतरेपर्यंत मी सगळ्यांना ओळखत होतो.

मंठा

मंठ्यात बसस्टँडजवळ कोणालाही ‘सिस्टरचं घर’ म्हटलं की दाखवतात. इंदूसिस्टर. माझी थोरली मुलगी जन्मली तेव्हा जालन्याच्या एका मिशन दवाखान्यात त्या होत्या. परदेशी डॉक्टरीणबाईंशी त्या असं फाडफाड इंग्रजी बोलत की बाहेर बाकावर बसलेला मी बाळाचं रडणं सोडून तेच ऐकत होतो. आता रिटायर होऊन मुलाकडे राहत होत्या. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर ओटा. ओट्यावर त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. प्लॉट, पाहुणे, चाळीस बाया. त्यांनी डब्याकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, हे काय आहे.

मी उभा राहिलो. ‘धिस इज अ कोकोनट, सिस्टर.’

‘दिगंबर, खाली बस.’

बसलो. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मी उठलो.

‘तुझ्या खाली काही हाय का रे, सारखा उठून राह्यला?’ त्यांनी सुपभर शेंगा माझ्यापुढे ढकलल्या. ‘हे फोड. हात रिकामे असले की माणूस परीक्षेला बसल्यावानी करतो. हाताला काम दे, जीभ आपोआप सैल सुटते.’

खरंच, मांडीवर सूप असताना उठता येत नाही. पहिल्या दिवशी मी मंठा तालुक्याचं वर्षाचं भुईमुगाचं उत्पन्न फोडलं असावं.

संध्याकाळी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्या सातवी शिकून दवाखान्यात आया म्हणून लागल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना मराठी येईना, खेड्यातून आलेल्या बायांना इंग्रजी येईना, मधे ही पोरगी.

‘एक बाई आल्ती. पोट दुखतं म्हणे. डॉक्टरीण म्हणाली, विचार इथं दुखतं का. मी विचारलं. बाई म्हणली हो. इथं? हो. तिथं? हो. काल जेवली का? हो. उलटी झाली का? हो. मी सगळं डॉक्टरणीला सांगून राह्यले, यस, यस, यस. दोन दिवस त्यांना काही कळंना. तिसऱ्या दिवशी बाईचं फार बिघडलं, तेव्हा कळलं काय झालंय ते. वाचली, पण थोडक्यात.’ त्यांनी एक शेंग फोडली, दाणे बाजूला टाकले. ‘तिला वाटायचं, एवढी मोठी डॉक्टरीण विचारून राह्यली, न्हाई कसं म्हणावं. मान ठेवत होती. तवापासून मी हो-न्हाईचा प्रश्न विचारणं सोडलं. कुठं दुखतं ते दाखव, म्हणायचं. कधीपासून. कसं. या प्रश्नाला ‘हो’ बसतच न्हाई. माणसाला बोलावंच लागतं.’

मला त्या अंगणातली काळी कॉफी आठवत होती.

‘तुला शब्द कमी न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘तुझं दुखणं ‘यस’ हाय. उद्यापासून ते बंद. एक तर ‘नो’ म्हणायचं, न्हाई तर उलटा प्रश्न विचारायचा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. एक भाकर संपल्यावर त्यांनी इंग्रजीत विचारलं, आणखी हवी का. ‘यस’ला बंदी. प्रश्न सुचेना. ‘नो’ म्हणालो. त्यांनी भाकऱ्यांची दुरडी उचलून आत नेली. सूनबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. मी उरलेला दिवस ताकावर काढला.

भूक हा फार हुशार मास्तर आहे. रात्रीच्या जेवणाला सिस्टर तेच विचारायच्या आत मी इंग्रजीत विचारलं, त्या झाकलेल्या पातेल्यात काय आहे. ‘अंबाडीची भाजी,’ त्या म्हणाल्या आणि पळीभर वाढली. मग मी विचारलं, ही कोणी केली. कुठून आणली. यात लसूण किती. प्रत्येक प्रश्नाला पळीभर भाजी आली. आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजीत काहीतरी कमावलं होतं, आणि ते आंबट होतं आणि अतिशय चवदार होतं.

पुढचे तीन दिवस मंठ्यातला एकही माणूस माझ्या प्रश्नांतून सुटला नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यानं काही अडलं नाही. बाजारात मी एका म्हातारबाला इंग्रजीत विचारलं की बैल कितीचा. तो मराठीत म्हणाला, ‘इकायचा न्हाई, फिरवायला आणला.’ त्याला कसं कळलं ते मला अजून कळलेलं नाही. मी असं सांगतो की मंठ्याचे बैलसुद्धा त्या आठवड्यात वळून पाहत होते.

निघायच्या दिवशी मी रोप ओट्याखाली सावलीत ठेवलं आणि सहज म्हणालो, ‘सिस्टर, हे तुमच्याकडे राहिलं तर?’

त्या म्हणाल्या, ‘नो.’ मग चष्म्यावरून पाहत पुढे म्हणाल्या, ‘तुझं ‘यस’ हाय ते. तूच सांभाळ.’

परत

जालन्याला आमच्या घरी नळाला तेव्हा आठ-आठ दिवसांनी पाणी येत असे. बायकोनं डबा उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावला. ‘पोरींच्या वेण्या धुवायला पाणी पुरंना, अन याला रोज दोन घागरी?’

म्हणून तो डबा परत टेंभुर्णीमार्गे गेला आणि गयाबाईच्या प्लॉटच्या मागच्या टोकाला, विहिरीच्या कडेच्या उंचवट्यावर, मातीत उतरला.

‘इंग्रजी शिकायला गेल्ते का नारळ आणायला?’ गयाबाईनं विचारलं.

‘दोन्हीला.’

‘नारळ तर दिसून राह्यला,’ ती म्हणाली आणि त्याच्या बुडाशी घागर रिकामी केली.

त्या महिन्यापासून मी पत्र लिहायला लागलो. पहिल्या पत्रात पाच ओळी होत्या. चार रोपाबद्दल. पाचव्या ओळीत मी विचारलं होतं की तुमच्या आईची तब्येत कशी आहे. उत्तर सहा पानांचं आलं. मी ते तीन रविवार वाचलं.

पाहुणे

क्रॉसिंग भरात आलं. पाहुणे यायच्या आधी पंधरा दिवस गयाबाईच्या भावकीतली एक म्हातारी वारली. प्लॉटवरच्या बऱ्याच बाया त्याच भावकीतल्या. तिसऱ्याचा विधी होईपर्यंत कोणी रानात गेली नाही. इथं कोणी जात नाही, आणि जावं असं मला वाटलंही नाही. पण फुलं उमलत राहिली. त्यांच्या वाट्याच्या, विहिरीकडच्या सहा ओळींत तीन दिवसांची फुलं आपल्याआपणच फळली. असलं बी संकरित नसतं. ते चांगल्या बियांत मिसळलं की पुढे ज्याच्या रानात पेरलं जाईल त्याचं नुकसान.

गयाबाईनं कोणी न सांगता त्या सहा ओळींना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून टाकल्या, म्हणजे वेचणीला तिथला कापूस वेगळा निघेल. हैदराबादच्या साहेबांना ते कळलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं की पाहुण्यांना पुढच्या भागातच फिरवायचं. विहिरीकडे न्यायचं नाही. समजलं ना? मी म्हणालो, यस सर. सिस्टर मंठ्यात होत्या.

मी मनात सहा फुटी गोरा साहेब धरून ठेवला होता. जीपमधून उतरले ते माझ्याएवढेच, सावळ्या चेहऱ्याचे, कापडी टोपी घातलेले लाम साहेब. व्हिएतनामचे. त्यांचं इंग्रजीही माझ्यासारखंच शाळेत उभं राहून शिकलेलं दिसत होतं. वाक्याआधी ते छाती भरून श्वास घेत.

मी पाठ केलेलं भाषण उभ्यानं म्हणून टाकलं. कळी, पुंकेसर, लाल टोपी, नराची ओळ. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, सगळी फुलं, रोज, हातानं?

‘यस सर,’ मी म्हणालो. ते आपोआप निघालं, शिंक निघते तसं.

हैदराबादचे साहेब समाधानानं हसले. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात लाम साहेब थांबले. हात डोळ्यांवर धरून लांब विहिरीकडे पाहत म्हणाले, ते काय आहे? आणि कोणी अडवायच्या आत सरळ त्या दिशेनं चालू लागले. कापसाच्या त्या सगळ्या हिरव्या पसाऱ्यात त्यांना नारळ दिसला होता. आपल्या गावचं माणूस परक्या बाजारात ओळखू येतं तसा.

विहिरीच्या काठावर ते बसले. मीही बसलो. हाताला चाळा म्हणून एक कळी तोडून सोलत होतो. त्यांनी विचारलं, हे झाड इथे कसं आलं. या प्रश्नाला ‘हो’ बसत नाही. मी सांगायला लागलो. काळी कॉफी, तीन तास, नव्वद वेळा यस सर, तुपाचा डबा, कंडक्टर. व्याकरण कुठं पडलं, कुठं उठलं, मला माहीत नाही. नव्वदचे मी दोनशे केले होते, तेही तेव्हाच कळलं, आणि मला फार बरं वाटलं, कारण इंग्रजीत मी पहिल्यांदाच वाढवून सांगत होतो. लाम साहेब इतके हसले की त्यांची टोपी विहिरीत जाता जाता राहिली.

मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. समोरच्या सहा ओळींत चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. ते चिंध्यांकडे पाहत म्हणाले, मघाशी तुम्ही मला जे ‘यस’ म्हणालात, ते कोणतं होतं?

हैदराबादच्या साहेबांनी घसा खाकरला. गयाबाई घागर टेकवून उभी होती.

‘काय इचारून राह्यला, दिगूभाऊ?’

‘चिंध्या कशाच्या, म्हणतो.’

‘मंग सांगा की. लपवायच्या असत्या तर बांधल्या असत्या का?’

चाळीस बायांचं काम माझ्या जिभेच्या टोकावर होतं. हातातली कळी तोवर पार सोलून झाली होती. मी बसल्या बसल्याच म्हणालो, ‘नो सर.’ सगळी फुलं नाही. रोज नाही. आमच्यात एक म्हातारी वारली. तीन दिवस कोणी आलं नाही. या सहा ओळींचं बी पोत्यात जाणार नाही, या बाईनं खूण केली आहे.

लाम साहेब उठले, ओळींत गेले, बोंडं चाचपली, चिंध्यांच्या गाठी पाहिल्या. बराच वेळ लागला त्यांना. परत येऊन गयाबाईकडे वळले आणि मला म्हणाले, यांना विचारा, म्हातारी त्यांची कोण होती.

‘चुलत सासू,’ गयाबाई म्हणाली. ‘अन त्यानला इचारा, तुमच्याकडं माणूस गेल्यावर काय करत्यात?’

मी विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडेही तिसऱ्या दिवशी सगळे परत कबरीवर जातात. मी सांगितलं. गयाबाईनं मान हलवली, जणू तिला ते आधीच माहीत होतं, आणि म्हणाली, ‘लेकरं किती म्हणावं?’

पुस्तकात मनाई होती. मी विचारलं. दोन मुली होत्या. त्यांनी पाकिटातून फोटो काढला आणि तो चाळीस बायांच्या हातांतून फिरून, परागानं थोडा पिवळा होऊन परत आला.

जीपमध्ये हैदराबादचे साहेब माझ्याशी बोलले नाहीत. मला पुढची काही वर्षं बढतीही मिळाली नाही. प्लॉट मात्र तिथंच राहिले. लाम साहेबांच्या कागदावर काय लिहिलं होतं ते मी पाहिलेलं नाही. एवढं कळलं की सहा ओळी वगळून बाकी सगळं घ्या, आणि पुढच्या वर्षी हीच बाई असेल तर हेच रान, असं काहीतरी होतं. गयाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘सहा ओळींचा कापूस मी गाद्यांत भरला. झोप चांगली लागते.’

नारळ आता इतका उंच झालाय की त्याच्यावर चढलं तर मंठा दिसतो. बरं, मंठा नाही, टेंभुर्णी. फळ अजून एकही लागलेलं नाही, हे मी दर महिन्याला केरळला कळवतो, कारण मॅनेजरसाहेब आता रिटायर होऊन घरी गेलेत. त्यांची आई राहिली नाही. ते लिहितात, घाई करू नका.

हल्ली लोक मुलं घेऊन माझ्याकडे येतात. विचारतात, इंग्रजी बोलता येतं ना तुम्हाला? मी बसल्या जागेवरून ‘नो’ म्हणतो. मग विचारतो, गाव कोणतं तुमचं.